घराचे दात

बैल घेताना मी जबडा उघडतो.
जीभ धरून बाजूला करायची, की
दोनदाती, चारदाती, जुळलेला,
एका श्वासात सांगतो.
सव्वीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे,
आर्वीच्या बाजारात मला अजून कुणी बनवलं नाही.

घराला जबडा नसतो.
दोन खोल्या, टिनाची पडवी,
मागं कागदी लिंबाचं झाड.
गुणवंत काळमेघ म्हणाला, निर्वेध, निजोखमी,
जसा दलाल म्हणतो,
गाय गरीब आहे, लेकरानंही काढावी.

साळ्यानं नागपूरचा वकील सुचवला.
तिथल्या मुलीनं फोनवर विचारलं,
प्रॉपर्टी कोणत्या फेजमध्ये?
म्हटलं, मारुतीच्या पाराजवळ, आटाचक्कीच्या मागं.
ती जराशी गप्प राहिली,
मग फीचा आकडा सांगितला.

तहसीलसमोर झेरॉक्सवाल्याला लागून
कौसल्या नगराळे वकील बसतात.
टेबलाचा एक पाय विटेवर.
दोन वर्षांमागं रात्री शेळी घेऊन आल्या होत्या,
मी सुई भरली तर म्हणाल्या, थांबा,
आणि चष्मा चढवून
बाटलीवरची तारीख वाचली. दोनदा.
तेव्हा राग आला होता.
आता त्यांच्याकडेच गेलो, त्या रागाखातर.

कागद नंतर पाहू, म्हणाल्या, घर दाखवा.
स्कूटी पाराला लावली,
चारी बाजूंनी फिरल्या, पावलं मोजत,
शेजारच्या भोयरीणबाईला विचारलं,
"पान्याचा लोंढा कोनाच्या अंगनातून जाते वं?"
मग ओट्यावर बसून नमुना आठ, वारसाचा अर्ज,
ओळीखाली बोट सरकवत सरकवत
बोट थांबलं.

"तुकारामजीले लेकरं किती?"
"मी एकटा," गुणवंत म्हणाला.
"मंग द्वारका कोन होती?
सातवीपर्यंत माह्या बाकावर बसे.
तिच्या उवा बी वयखतो मी."

गुणवंत लिंबाकडं पाहू लागला.
"तिले मोर्शीले देल्ली ना. तिचं काय इथं?"
"पोरगी देल्ली, गुणवंतभाऊ.
हिस्सा नाही देल्ला."

सौदा थांबला.
इसाराचे एकवीस हजार त्याच्या खिशात,
बायको अकरा दिवस माझ्याशी भिंतीतर्फे बोलली.
साळा हसला: नागपूरवाल्यानं
शनिवारपर्यंत मोकळं केलं असतं.
केलं असतं, खरंच.

द्वारका मोर्शीच्या गाडीनं आली,
हातात कापडी पिशवी, पायात नवऱ्याच्या चपला.
निबंधकाच्या मशीनवर तिचा अंगठा उठेना,
निंदणानं रेषाच गेलेल्या.
पुसला पदराला, पुन्हा. पुसला, पुन्हा.
चौथ्यांदा मशीनला ती पटली.
भाऊ भिंतीवरचा मुद्रांकाचा तक्ता वाचत होता,
वरून खाली, खालून वर.

पैसे तिनं मोजले नाहीत. वकीलबाईंनी मोजून दिले,
मग माझ्याकडून चार हजार घेतले, पावती फाडली,
आणि विचारलं, शेळीचा दुसरा डोस कधी?

जिन्याजवळ द्वारका म्हणाली,
"भाऊ, लिंबू मी लावलं होतं. लगनाच्या साली.
पानी टाकत जा."
चतुःसीमेत पूर्वेस रस्ता आहे, पश्चिमेस भोयर,
झाडाचा उल्लेख कुठं नाही.

इतके जबडे पाहिले मी.
जनावर कोणाच्या दावणीतून सुटून आलं,
मागं कोण हंबरतंय,
हे एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आलो. बायको म्हणाली, झालं?
झालं, म्हटलं. आणि बादली शोधू लागलो.